शेवटाकडून

मी नाव शेवटाकडून लिहिते.
आधी थ, मग ना, मग ळ,
मग व, मग र,
उरलेल्या जागेत श्री.

डावखुऱ्या हाताला दुसरी वाट नाही.
सगळ्यांसारखं लिहीत गेले की मनगट
मागच्या ओल्या अक्षरावरून फरपटतं,
देवाला शेपूट फुटतं.

आबा रागावले नाहीत, चिंधी दिली हातात.
ते स्वतः खडूची दोरी मारायचे,
त्यांची अक्षरं ताणून धरलेल्या जाळ्याच्या आसांसारखी,
एकाला एक.

ते गेले त्या वर्षी मी त्यांची पट्टी उचलली.
सर्जेकोटच्या खाडीत सहा होड्या रंगवल्या,
सहाही सरळ, पट्टीत बसलेल्या.
कुणी नावं ठेवली नाहीत.
कुणी नावं वाचलीही नाहीत.

सातवी गुणाजी तारीची.
खडूची रेघ बघितली न बघितली
आणि खांद्यावरच्या पंचाने पुसायलाच लागला.
"ह्यां तुज्या बापाशीचां. तुजां खंय आसा?"

त्याची जुनी पात मी चौदाव्या वर्षी रंगवलेली,
आबा तापाने पडले म्हणून.
तेव्हा श्रीला जागाच उरली नव्हती.
नाळेच्या टोकाला कसाबसा उभा केला,
बारीक, उंच,
खडक बघायला पुढे उभ्या केलेल्या पोरासारखा.
(दुसऱ्या बाजूला तो मागे येतो,
इंजिनाचा धूर खातो. त्याला इलाज नाही.)
"माजी बायल तळाशीलसून ओळखी," गुणाजी म्हणाला,
"ही आपली. श्री अंग चोरून उभो आसा."

खलील मेस्त्री शेजारच्या होडीच्या फटीत कापूस ठासत होता.
मान वर न करता बोलला,
"आमची उर्दूपण तिथूनच निघते.
पोचते की."

या किनाऱ्याला ळ पुरत नाही.
गळ, नाळ, मासळी, कोळंब, तळाशील,
रवळनाथ, वेताळ.
माझ्या ळ ची उजवी कूस मोठी,
तिथून सुरुवात, तेव्हा ब्रशात रंग भरपूर,
छातीत श्वास भरपूर.
डावीकडे येईतो दोन्ही सुकतात.
ओहोटीत चिखलावर कललेली होडी दिसते ना,
तसा तो बसतो.
बसू दे.

पण सगळंच माझं म्हणून मिरवत नाही मी.
एकदा शेवटाकडून येता येता
भैरवातला र गिळला,
आठवडाभर ती होडी भैव होऊन हिंडली.
ती चूक. कुणाच्या बापाची नाही, माझी.
पॉलिशपेपरने घासून काढली, पैसे घेतले नाहीत.
वेलांटी पहिली की दुसरी
हे अजून मोडक गुरुजींना फोन करून विचारते,
ते अजून ओरडतात.
चूक कुठली आणि वळण कुठलं
हे कळायला अकरा वर्षं गेली,
अजूनही एखादे दिवशी अंदाज हुकतो.

मालवणात आता मशीन आलंय.
वीस मिनिटांत नाव कापून देतं, मागे गोंद.
ते चालवणारा पोरगा चांगला आहे, येऊन म्हणाला,
"ताई, तुमच्या अक्षरांचे फोटो काढू?
मशीनमध्ये घालतो, तुमचाच ळ, हवे तेवढे."
म्हटलं, काढ.
दोन सारखे सापडले तर मलाही दाखव.
तासभर होड्यांमधून फिरला,
चहा पिऊन गेला.

नारळी पौर्णिमेला चार दिवस.
आजच्या मालकाला आजोबा, वडील आणि मुलगा,
तिघेही एकाच फळीवर हवेत.
आबांनी आधी मोजलं असतं.
मी मुलाकडून निघाले, ऐसपैस,
त्याला दिला हात हात रुंद उकार,
वडील जरा सावरून बसवले.
आता आजोबांची चार अक्षरं
आणि फळी उरली एक वीत.

मालक मागे उभा, विडी विझलेली,
काही बोलत नाही.
मी ब्रश बुडवते.
म्हातारा काटक होता म्हणे.